आधी वर बघावं

एसी ही काही आमच्या घरात हौसेनं आलेली वस्तू नाही. नगरला, माळीवाड्याच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परस. ‘आमच्या घरात पंख्याचीसुद्धा गरज नाही,’ असं सासरे अभिमानानं सांगायचे आणि त्या काळी ते खरंही होतं. पुढे माळवद काढून स्लॅब टाकला, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांचे मजले चढले आणि माजघराची वाऱ्याची वाटच बंद झाली.

माजघर म्हणजे आईंची, माझ्या सासूबाईंची खोली. वय वर्षं त्र्याऐंशी. त्यात खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एकटीनं उठता येत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऊन असं काही तापलं, की त्यांचं जेवण तुटलं, दुपारभर ग्लानी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, ‘काहीही करा, पण यांची खोली थंड ठेवा.’ कूलर होता, पण कूलरला बाहेरची कोरडी हवा ओढायला खिडकी लागते. माजघराला खिडकीच नाही. बंद खोलीत तो नुसता ओलावा कोंडून ठेवतो आणि अंग चिकट होतं. शेवटी एसी घ्यायचं ठरलं. नगरची थंडीही काही कमी नाही, म्हणून थंड आणि गरम दोन्ही करणारा घेतला.

बसवायला आलेल्या मेकॅनिकनं तासाभरात काम उरकलं. आतलं यंत्र आईंच्या पलंगावर भिंतीला, बाहेरचं परसात. दोघांना जोडणारे तांब्याचे पाइप माजघराच्या दारावरून, तुळईला वळसा घालून, स्वयंपाकघरातून मागे नेले. त्याच गाठोड्यात पाण्याचा पांढरा पाइपही बांधला. खोली गारगार झाली. आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या. आम्हाला आणखी काय हवं होतं?

एप्रिल गेला, मे गेला. मग मृगाचे ढग आले, हवा दमट झाली आणि एके दिवशी सकाळी आईंची गादी ओली निघाली.

मी काही बोलले नाही. चादर बदलली, गादी परसात उन्हाला टाकली. आई भिंतीकडे तोंड करून बसून होत्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्या हळूच म्हणाल्या, ‘अगं, मला कळलंच नाही बघ.’ संध्याकाळी हे मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘आता वय झालं, चालायचंच.’ नणंदेनं फोनवर सांगितलं, ‘वहिनी, मोठ्या माणसांचे डायपर मिळतात हल्ली. लाजायचं काय त्यात?’ मी मेडिकलमधून एक पाकीट आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. सगळे समजूतदारपणे वागत होतो. आम्हाला तसं वाटत तरी होतं.

आई मात्र वेगळंच काही करत होत्या आणि ते माझ्या ध्यानात यायला चार दिवस गेले. चार वाजल्यानंतरचा चहा त्यांनी बंद केला होता. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच असायचा. ‘तहान नाही गं,’ म्हणायच्या. गादी ओली होऊ नये म्हणून त्र्याऐंशी वर्षांची बाई पाणी प्यायची थांबली होती! पाचव्या दिवशी त्यांना चक्कर आली.

त्या रात्री मी त्यांच्या खोलीतच अंथरूण घातलं. पहाटे उठून पाहिलं, तर गादी ओली आणि डायपर कोरडा. मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी गार पडलं. वर पाहिलं. एसीच्या उजव्या कोपऱ्यावर दुसरा थेंब तयार होत होता.

आईंना हात धरून बसवलं आणि तो थेंब दाखवला. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी नव्हते.’

एवढंच. पण मैत्रिणींनो, ते वाक्य ऐकल्यावर मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. चार माणसांच्या शिकल्यासवरल्या घरात एकानंही आधी वर पाहिलं नव्हतं. म्हातारं माणूस आणि ओली गादी म्हटलं, की आमचा निकाल लागलेला होता.

मग मात्र मी ठरवलं, की हे पाणी येतं कुठून आणि जायला हवं कुठे, हे समजून घेतल्याशिवाय कुणाला यंत्राला हात लावू द्यायचा नाही.

येतं कुठून, ते सोपं आहे. पावसाळ्यात गार पाण्यानं भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसंच. एसीच्या आत थंडगार जाळी असते. खोलीतली हवा तिच्यावरून गेली, की हवेतली वाफ तिथे पाणी होऊन खालच्या पन्हळीत, म्हणजे ट्रेमध्ये उतरते. हा यंत्राचा दोष नव्हे, ते त्याचं कामच. अमेरिकेत १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी या यंत्रणेचा आराखडा केला, तो मुळी माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हताच. दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचे नाहीत, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. गारवा ही त्या कामाबरोबर आलेली गोष्ट.

आता आमच्याकडे ते पाणी एप्रिलमध्ये का दिसलं नाही? कारण नगरचा उन्हाळा कोरडा. हवेतच वाफ कमी, मग जाळीवर पाणी कुठून येणार? जून लागला, हवा दमट झाली आणि पाणी वाढलं. दीड टनाचा एसी खूप दमट हवेत तासाला लिटर-दीड लिटर पाणीसुद्धा काढू शकतो. म्हणजे पाइपातली चूक पहिल्या दिवसापासून होती, ती उघडी पडली मृगात. आपल्याकडे बहुतेक एसी मार्च-एप्रिलमध्ये बसतात. ‘चालू करून दाखवला, थंड झाला, पैसे द्या,’ एवढ्यावर काम संपतं. खरी परीक्षा दोन महिन्यांनी असते.

आणि चूक काय होती? पाण्याचा पाइप तुळईवरून चढवला होता. तांब्याच्या पाइपात गॅस असतो, यंत्र त्याला जोरानं ढकलतं. तो वर जाईल, खाली जाईल. ट्रेमधल्या पाण्यामागे कुणीच नसतं. त्याला ढाळ मिळाला तरच ते जातं. ही गोष्ट आमच्या गावाला नव्यानं सांगायला नको. अहमद निजामशहानं हे शहर वसवलं आणि निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं. ना वीज, ना मोटार, नुसत्या उताराच्या हिशेबावर कोसन् कोस पाणी! आणि आमच्या माजघरातून परसापर्यंतच्या वीस फुटांचा ढाळ कुणी पाहिला नाही.

मेकॅनिकला परत बोलावलं. तो म्हणाला, ‘काकू, पाइप चोक झाला असेल.’ फुंकून दिला. आठवड्यानं पुन्हा थेंब. मग म्हणाला, पाइप खाली सोडतो, बादली ठेवा. ठेवली. तिसऱ्या रात्री बादली भरून वाहिली आणि फरशीवर तळं झालं. आई काठी घेऊन उठल्या असत्या तर? त्या विचारानंच माझी झोप उडाली.

मग एकेक पर्याय मांडून पाहिला. सरळ ढाळ काढायचा, तर मीटरला एखादा सेंटिमीटर तरी उतार हवा. पण वाटेत तुळई आणि तिच्या खाली दार. पाइप दारातून डोक्याच्या उंचीवर लोंबला असता. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यांच्या भिंतीत ओल सोडून आपला गारवा कशाला? यंत्र ओटीवर न्यावं, तर ज्यांच्यासाठी घेतलं त्यांनाच उपयोग नाही.

शेवटी केडगावकडून येणारा एक दुसरा मुलगा भेटला, आयटीआय झालेला. त्यानं पाहिलं, टेप लावली आणि म्हणाला, ‘काकू, पाणी आपण होऊन चढत नसतं. चढवायचं असेल तर पंप लावावा लागेल. एवढासा येतो.’ हे हसले, ‘एसीला पंप? विहीर आहे का ती?’ मला मात्र पटलं. आज नगरकर पाणी पितात ते मुळा धरणातून पंपांनी उचलून आणलेलं. ढाळ नसेल तिथे उचलावंच लागतं, मग ते शहराचं असो की माजघरातलं.

पंप मिळायला आठवडा गेला. इथल्या दुकानांत नव्हता, पुण्याहून मागवला. साडेचार हजाराचा पंप आणि वर मजुरी. कोलगेटच्या मोठ्या खोक्यात मावेल एवढा. त्याचे दोन भाग असतात. एक छोटी डबी आणि एक मोटार. ट्रेमधलं पाणी आधी डबीत येतं. डबीत एक तरंगता तुकडा असतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या चेंडूसारखा. पाणी वाढलं की तो वर येतो, मोटार सुरू होते आणि बारीक नळीतून पाणी वर फेकते. पाणी उतरलं की मोटार बंद. वीज लागते छोट्या दिव्याएवढी, वीसेक वॅटच्या आत-बाहेर.

पण खरी महत्त्वाची आहे ती तिसरी पातळी. पंप बिघडला किंवा नळी तुंबली, तर डबीतलं पाणी आणखी वर चढतं. त्या वेळी डबीतला एक स्विच एसीलाच थांबवू शकतो. गार करणं थांबलं की पाणी थांबलं. त्यासाठी वेगळ्या वायरी दिलेल्या असतात. तो मुलगा त्या वायरी गुंडाळून आत सारायला निघाला.

‘या कशाच्या रे?’

‘त्या सेफ्टीच्या काकू. कोणी जोडत नाय.’

‘कोणी जोडत नाही, म्हणूनच आपण जोडायच्या. खाली कोण झोपतं बघ.’

त्यानं पलंगाकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होत्या. आमचा एसी इन्व्हर्टरचा, त्यात त्या वायरी कुठे घ्यायच्या हे त्याला ठाऊक नव्हतं. पण पठ्ठ्यानं अंदाजपंचे काही केलं नाही. कंपनीच्या माणसाला फोन लावला, विचारलं, एमसीबी खाली पाडला आणि मगच जोडणी केली. अशा मुलांचं मला कौतुक वाटतं. येत नाही म्हणणं आणि विचारणं, हीसुद्धा कारागिरीच.

डबी बसवताना त्यानं पाणसळ लावली. डबी तिरपी बसली तर तरंगता तुकडा अडकतो. नळी तुळईवरून नेऊन परसात उतरवली. आमच्याकडे नळीचं शेवटचं टोक डबीपेक्षा खाली येतं. अशा वेळी एकदा धार लागली की थांबत नाही. पिंपातून रबरी नळीनं पाणी काढताना होतं तसं. मग डबी पूर्ण रिकामी होते, पंप हवा ओढत खडखडतो आणि लवकर खराब होतो. ती धार तोडायला एक छोटी वस्तू बसवतात, तिला अँटी-सायफन म्हणतात. ती त्यानं आठवणीनं बसवली.

‘झालं काकू,’ म्हणून तो हत्यारं भरायला लागला. मी म्हटलं, ‘थांब.’ न्हाणीतून मगभर पाणी आणलं. ‘हे हळूहळू ट्रेमध्ये ओत.’ मी परसात जाऊन नळीच्या टोकाशी तांब्या धरून बसले. आत घुर्र असा आवाज झाला आणि मिनिटभरात तांब्यात धार आली. मी ओरडले, ‘आलं!’ आतून आईंचा आवाज, ‘आलं का गं?’ मग पंपाची वीज काढून पुन्हा पाणी ओतायला लावलं. डबी भरत आली आणि एसीचं गार करणं आपोआप थांबलं. आता मात्र त्याला चहा दिला.

त्या दिवशी पलंगही दोन फूट पुढे सरकवला. खोली लहान, फडताळाचं दार आता अर्धंच उघडतं. पण आईंच्या डोक्यावर यंत्र नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे.

पहिल्या रात्री पंपाच्या आवाजानं दोनदा जाग आली. मोटार भिंतीला टेकून थरथरत होती. मधे फोमचा तुकडा घातला, आवाज निम्मा झाला. आता तो आवाज ऐकला की आई म्हणतात, ‘गेलं बाई पाणी.’

आणि जातं कुठे? आमच्या भागात नळाला दिवसाआड पाणी. ज्या बाईनं १९७२ च्या दुष्काळात पाथर्डीकडच्या माहेरी घागरीसाठी अर्धा दिवस चालून काढला, तिला हे पाणी मोरीत गेलेलं कसं बघवेल? त्यांच्या सांगण्यावरून टोकाशी बादली ठेवली. दमट दिवसांत रात्रभरात अर्धी-पाऊण बादली भरते. त्यात फरशी पुसून होते, कढीपत्त्याला आणि कुंड्यांना पाणी होतं. मात्र हे पाणी पिऊ नये. वाफेचं असलं तरी जाळीवरची धूळ, बुरशी, धातूचा अंश त्यात उतरतो. त्याच कारणानं इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये, तिला विकतचं डिस्टिल्ड वॉटरच बरं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. नाव बदललं तरी थंडी काही बदलली नाही, पारा दहाच्या खाली उतरला. एसी गरम हवेवर चालवला तेव्हा पंप गप्प. आधी वाटलं, बिघडला! पण गरम करताना आतली जाळी तापलेली असते आणि पाणी बाहेरच्या यंत्रावर सुटतं. ते परसातच पडतं, त्याला पंप लागत नाही. मात्र तीन महिने पडून राहिलेल्या डबीत शेवाळासारखा चिकटा वाळला होता. २०२५ च्या मार्चमध्ये सवयीनं मगभर पाणी ओतून पाहिलं, तर पंप सुरूच होईना. तरंगता तुकडा चिकटून बसला होता. तो अडकला तर ती सेफ्टीची वायरसुद्धा कामाची नाही, कारण तिलाही पाणी वाढल्याचं तोच सांगतो. त्या मुलाला बोलावून डबी धुऊन घेतली, पाच मिनिटांचं काम. न पाहता एसी लावला असता, तर पुन्हा गादी ओली झाली असती.

फरक एवढाच, की या वेळी आम्ही आधी वर बघितलं असतं.

उशाशी तांब्या अजून असतो. सकाळी मी तो उचलून बघते. रिकामा असतो. आई म्हणतात, ‘काय गं, रोज काय तपासतेस?’ मी म्हणते, ‘काही नाही, विसळायला घेतला.’

एसीला पंप लावताना

• आधी ढाळानं पाणी जाईल का ते पाहा. जात असेल तर पंपाची गरज नाही. ढाळाला वीजही लागत नाही आणि तो बिघडतही नाही.

• बाहेरची भिंत नसलेली मधली खोली, तळघर, वाटेत तुळई किंवा दार अशा ठिकाणी पंप उपयोगी पडतो. नळी किती उंच चढवायची आणि किती लांब न्यायची, ते मोजून मगच पंप निवडा.

• पंपाला वीज कायम मिळायला हवी. एसी थांबल्यावरही थोडा वेळ पाणी ठिबकत असतं.

• सेफ्टीच्या वायरी जोडून घ्या. इन्व्हर्टर एसीत त्या कुठे जोडायच्या, हे कंपनीला विचारूनच. काम करताना एमसीबी बंद हवा.

• पैसे देण्याआधी मगभर पाणी ओतून दोन्ही गोष्टी बघा : पाणी बाहेर पडतं का, आणि पंप बंद असताना एसी थांबतो का.

• दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्याआधी डबी, तिची जाळी आणि नळी धुऊन घ्या. मगाची परीक्षा पुन्हा घ्या.

• यंत्राच्या बरोबर खाली पलंग, टीव्ही किंवा विजेचा बोर्ड ठेवू नका.